मोजणीरावांची शंभरावी फेरी

"बाजूला व्हा गं बाया, बाजूला व्हा रे भाऊ, लोखंडाची लेक निघाली, तिची वाट नका अडवू!"

रेल्वे फाटकवाल्या म्हाताऱ्याचा हा आवाज गेली अठ्ठेचाळीस वर्षं मोजणीरावांच्या कानात मुक्कामाला होता. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. फाटकाची दांडी खाली यायची, घंटा वाजायची आणि घंटेवर मात करत म्हातारा गायचा. कुणी विचारलं, "घंटा आहे की बाबा, गाता कशाला?" तर म्हणायचा, "घंटा कानाला सांगते, मी काळजाला सांगतो." मग गाडी यायची, धूळ उडवून निघून जायची, आणि मागे राहायचा तो आवाज. चौपन्नाव्या वर्षी एका शहाण्यासुरत्या, चष्मा लावणाऱ्या, जिन्याचा कठडा धरून उतरणाऱ्या गृहस्थाने वीतभर लांबीचं इंजिन विकत का आणावं, याचं दुसरं काही कारण सापडत नाही. तेव्हा हेच धरून चालू.

मोजणीराव हे नाव त्यांना नोकरीने दिलं. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांची तीस वर्षं झाली होती. दोन भावांमधला बांध असो की दोन शेजाऱ्यांमधलं कुंपण, मोजणीरावांनी टेप ताणला की भांडण अर्धं विझायचं. सरळ रेघ हा त्यांचा जीव की प्राण. इथून तिथवर खुंटी ते खुंटी, मध्ये काही लाड नाहीत. अशा माणसाच्या हातून मापात चूक होते हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाचंच माप पुन्हा घेतलं असतं.

घराची समोरची खोली दोघांत वाटलेली होती. दाराकडची बाजू बायकोची. ती कपडे शिवायची. तिथे तिचं मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा आणि मापं द्यायला येणाऱ्या बायकांसाठी एक स्टूल. खिडकीकडची बाजू रेल्वेची. तिथे कमरेइतक्या उंचीवर प्लायवूडच्या फळ्या, फळ्यांवर रूळ, दोन स्टेशनं, एक पूल, जुन्या वर्तमानपत्रांचा आणि प्लास्टरचा डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी चौदा घरांचं गाव. गावात बावीस माणसं होती. त्यातला एक जण काही केल्या उभाच राहीना, म्हणून मोजणीरावांनी त्याला झाडाखाली कायमचा झोपवला होता. गावात सुखी असा तोच.

दोन राज्यांच्या मध्ये फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीची हद्द होती. ती अर्थातच मोजणीरावांनी स्वतः मोजून आखली होती, आणि अर्थातच ती कुणी पाळत नव्हतं. बायकोचे दोरे डब्यांच्या चाकांत अडकत. रेल्वेचं गवत, म्हणजे हिरवा रंगवलेला भुसा, उडून नव्या कपड्यांवर बसे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या बाहीत नखाएवढी गाय शिवली गेली. त्या बाईंनी ती दुसऱ्या दिवशी लिफाफ्यात घालून परत पाठवली. मोजणीरावांनी तिला कुरणात उभं करत गंभीरपणे नोंदवलं, "हे अतिक्रमण आहे."

"गाईचं की बाहीचं?" बायकोने मशीन न थांबवता विचारलं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते ‘रूळमित्र’ या गटामुळे.

हा फोनवरचा गट. घरात छोट्या रेल्वे बांधणारी एकतीस माणसं त्यात होती. गटाचा नियम एकच, पण तो लोखंडाचा: दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आठवड्याची प्रगती दाखवायची. एक फोटो, दोन ओळी. कुणी नवा डबा रंगवलेला असे, कुणी सिग्नलचा दिवा लावलेला असे. मग गटाच्या प्रमुख प्रत्येक फोटोखाली एक झेंडी टाकत. हिरवी म्हणजे पुढे चला. लाल म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळे. या प्रमुख म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका. सगळे त्यांना ठेसनबाई म्हणत. औषधाच्या दुकानवाल्या एका सभासदाने एकदा खोक्यावरच्या चित्रातला पूल स्वतःचा म्हणून टाकला होता. ठेसनबाईंनी चित्र मोठं करून कोपऱ्यातली कंपनीची मोहोर शोधली, आणि औषधवाल्यांचं नाव गटातून त्याच दिवशी गेलं. त्यानंतर गटात कुणाला साधी डोकेदुखी झाली तरी सांगायची चोरी झाली.

आणि मोजणीरावांना तर चाळीस हिरव्या झेंड्या सलग मिळाल्या होत्या! कचेरीत तीस वर्षांत कुणी त्यांना ‘छान’ असं म्हटलं नव्हतं. ज्याच्या बाजूने माप जाई तो म्हणे, ते माझंच होतं. ज्याच्या विरुद्ध जाई तो म्हणे, टेप खोटा आहे. इथे मात्र तीस माणसं दर रविवारी त्यांची वाट बघत होती. चहाचा कप हातात, फोन मांडीवर, आणि ती एवढीशी हिरवी झेंडी आली की मोजणीरावांचा चेहरा असा उजळे की बायको आरशातून बघून हळूच हसे.

फक्त एक गोष्ट होती. त्यांची गाडी आजवर एकदाही पूर्ण फिरलेली नव्हती.

स्टेशनातून ती नवरीसारखी नटून निघे. पूल ओलांडे, गावाला वळसा घाली, खिडकीखालचा सरळ पट्टा झोकात धावे, आणि पट्टा संपून वळण सुरू झालं रे झालं, की पहिला डबा बाहेर, दुसरा आडवा, बाकीचे सहा एकमेकांच्या पाठीवर. दर वेळी. त्याच जागी. ‘खळ्ळ’ असा एक ठरावीक आवाज होई आणि मशीनची घरघर क्षणभर थांबून पुन्हा सुरू होई.

पहिल्या रविवारी मोजणीरावांनी डबे हाताने उचलून स्टेशनात ओळीने उभे केले आणि फोटो काढला. त्यात खोटं काय होतं? डबे त्यांचेच, स्टेशनही त्यांचंच. दुसऱ्या रविवारी पुलावर उभे केले. तिसऱ्या रविवारी बोगद्याच्या तोंडाशी. मग एकदा त्यांनी उभ्या गाडीचा फोटो काढताना फोनच सर्रकन हलवला आणि चित्र असं काही पुसट आलं की दातांचे डॉक्टर, म्हणजे गटातले दुसरे जाणकार, लिहिते झाले, ‘काय वेग! काय वेग!’ मोजणीरावांनी लिहिलं, ‘अजून पूर्ण सोडलेली नाही.’ हे वाक्य तर अक्षरशः खरं होतं.

असत्याचंही इंजिनासारखंच असतं. मागे डबे जोडत गेलं की ते थांबवणं कठीण जातं. एका रविवारी दाखवायला नवं काहीच नव्हतं. लाल झेंडी डोळ्यांपुढे नाचू लागली. मोजणीरावांनी इंजिनाला एक छोटं फूल बांधलं आणि खाली लिहिलं, ‘आज शंभरावी फेरी पूर्ण.’ तीस जणांनी अभिनंदन केलं. झाडाखाली झोपलेल्या माणसाने तेवढी कूस बदलली असेल.

तसे ते गप्प बसले नव्हते. त्यांनी गटात विचारलं, ‘माझ्या एका मित्राची गाडी वळणावर घसरते. काय करावं?’ डॉक्टर म्हणाले, मित्राने चाकं तपासावीत. आणि दाढा घासायच्या यंत्राने चाकं कशी घासावीत त्याचा फोटो स्वतःच टाकला. त्यामागे खुर्चीत आ वासून बसलेला पेशंटही दिसत होता. जिन्यात भेटलेले वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, डब्यांत वजन घाला. मोजणीरावांनी प्रत्येक डब्यात बायकोची दोन-दोन बटणं ठेवली. डबे जास्त जोरात पडू लागले. माप द्यायला आलेल्या एका बाईंनी तोंडात टाचण्या धरलेल्या बायकोच्या डोक्यावरून सल्ला दिला, "भाऊ, हळू चालवा की!" हळू चालवली. गाडी हळू घसरली. त्यात काय काय होतं ते नीट दिसलं एवढाच फायदा.

शेवटी ठेसनबाईंनी निकाल दिला: ‘तुमच्या मित्राचं वळण लहान आहे. मोठं करायला सांगा.’

मोठं करायचं तर खोली संपत होती. भिंतीपलीकडे झोपायची खोली होती. म्हणजे भिंतीला बोगदा पाडायचा, रूळ पलंगाच्या उशाकडून वळवून दुसऱ्या बोगद्यातून परत आणायचे. मोजणीरावांनी नियमाने वागायचं ठरवलं. इमारतीच्या सचिवांकडे अर्ज केला.

सचिवांना अर्ज वाचायला फार आवडे. त्यांनी तो तीनदा वाचला. "कारणाच्या रकान्यात तुम्ही ‘रेल्वे’ लिहिलंय."

"हो."

"आमच्याकडे बांधकामात बदलाला चार कारणं आहेत. ओल, भेग, वारा आणि उजेड. यांतलं कुठलं?"

"यांतलं नाही. रेल्वे."

"मग वारा लिहू या. गाडी गेली की थोडा वारा येतच असेल."

समिती पाहणीला आली. पाच जण, एक टॉर्च. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, पलंगाखाली बघितलं, गावातली माणसं मोजली आणि नकाशात पाणी दाखवलं नसल्याचा आक्षेप घेतला. तीन आठवड्यांनी ठराव हातात आला: भिंतीतून गाडी नेण्यास हरकत नाही; मात्र दुपारी दोन ते चार वाहतूक बंद राहील, शिटी वाजवू नये, आणि शेजाऱ्यांच्या हद्दीत मार्ग वाढवायचा झाल्यास नवा अर्ज करावा.

गवंडी आला. मोजणीरावांनी भिंतीवर पेन्सिलीने दोन नेमके चौकोन आखून दिले होते. गवंड्याने ते बघितले, छिन्नी लावली, आणि पहिल्याच घावाला समितीचा आक्षेप दूर झाला. पाणी दिसलं. भिंतीतला नळ फुटला होता. पाणी डोंगरावर पडलं, डोंगर मधोमध खचला, गावात तळं झालं आणि स्टेशनमास्तर छपरासकट पुलापर्यंत वाहत गेला. बायको बादली घेऊन धावली, गवंडी सचिवांना आणायला धावला, आणि मोजणीराव चष्मा पुसत उभे राहिले, कारण काचांवरही पाऊण तळं होतं.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी प्रगती दाखवायची होती. नाइलाजाने त्यांनी खचलेल्या डोंगराचाच फोटो टाकला. ठेसनबाईंनी लिहिलं, ‘दरी जिवंत झाली आहे. वर्षानुवर्षांच्या पावसाचा भास होतो. हे हात शिकवून येत नाहीत.’ हिरव्या झेंड्या एक नव्हे, तीन.

दरी आणि तळं तसंच राहिलं, आणि बोगदे झाले. गवंड्याने ते चौकोनापेक्षा दुप्पट पाडले, म्हणाला, "पुढेमागे मोठी गाडी घेतलीत तर?" वळण मोठं झालं. मोजणीरावांनी श्वास रोखून गाडी सोडली. पूल, गाव, सरळ पट्टा. आणि बोगद्याच्या हातभर आधी, वळण जिथे सुरू होतं तिथेच, खळ्ळ.

मशीन क्षणभर थांबलं. पुन्हा सुरू झालं.

आणि त्याच आठवड्यात ठेसनबाईंचा निरोप आला. शंभर फेऱ्या पूर्ण करणाऱ्या रेल्वेची पाहणी करून तिची नोंद गटाच्या वहीत करायची असते. तशी रेल्वे गटात आजवर एकच झाली होती. ‘येत्या रविवारी अकरा वाजता डॉक्टरांसह येत आहे. गाडी तयार ठेवावी.’

मोजणीरावांना औषधवाले आठवले. बत्तीसमधून एक गेला, एकतीस राहिले. एकतीसमधून आपण गेलो की तीस. आणि मग रविवारी सकाळी चहाचा नुसता कप. चार दिवस त्यांनी कचेरीत मापं घेतली ती सगळी दोन-दोनदा घ्यावी लागली. शनिवारी त्यांना युक्ती सुचली. वीजच नसली तर?

रविवारी अकराला पाच कमी असताना त्यांनी मीटरजवळचा मुख्य खटका खाली ओढला. पंखा मंदावला, मशीन थांबलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

ठेसनबाई आल्या. बांधा लहान, चष्मा मोठा, काखेत जाड वही आणि हातात खरीखुरी, काठीला लावलेली हिरवी झेंडी. मागे डॉक्टर, सवयीने सगळ्यांच्या दातांकडे बघत हसणारे.

"या, या," मोजणीराव म्हणाले. "काय सांगू, आत्ताच वीज गेली बघा. आजच जायची होती."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले.

ठेसनबाई पिवळी हद्द ओलांडून थेट दरीपाशी गेल्या आणि पाठीमागे हात बांधून वर्ग तपासावा तसं गाव तपासू लागल्या. "हा झाडाखाली का झोपलाय?"

"दमलाय, बाई."

"हं." बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "फार वर्षांनी कुणी खरं माणूस ठेवलेलं दिसलं."

चहा झाला. बिस्किटं झाली. मोजणीराव वीजखात्याला नावं ठेवत होते आणि मनातून वीजखात्याची क्षमा मागत होते. पाहुणे आता उठणार, एवढ्यात दार वाजलं. दारात सचिव.

"जिन्यात दिवा आहे, सगळ्यांकडे दिवा आहे, तुमच्याच खिडकीत पंखा बंद दिसला," ते काळजीने म्हणाले. "म्हटलं बघावं. हे काय, तुमचा मेन पडलाय!" आणि मोजणीरावांनी "राहू द्या हो" म्हणेपर्यंत त्यांनी सेवाभावाने खटका वर केला.

गडबडीत गाडीचं बटण चालूच राहिलं होतं, तेही पूर्ण वेगावर.

पंखा फिरला, दिवे लागले, आणि फूल बांधलेलं इंजिन आठ डबे घेऊन असं सुटलं की सचिव भिंतीला चिकटले. पूल गेला, गाव गेलं, खिडकीखालचा पट्टा गेला. "काय वेग! काय वेग!" डॉक्टर टाळ्या वाजवू लागले. मोजणीरावांनी डोळे मिटले.

खळ्ळ.

एक डबा तळ्यात पडला. एक डबा थेट सचिवांच्या चपलेपाशी आला. त्यातून दोन बटणं घरंगळत निघाली आणि हद्दीपलीकडे बायकोच्या पायांशी जाऊन थांबली. खोलीत पंख्याशिवाय कुणी हलेना.

बायकोने वाकून बटणं उचलली. मग कापायच्या टेबलावरून खडू घेतला, बाही जोडायचा मुंढा आखायची वाकडी लाकडी पट्टी घेतली आणि ती पिवळी पट्टी ओलांडून रेल्वेत आली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही सरळ जाता आणि एकदम वळता. जमिनीला खांदे नसतात, तिथे ते चालतं. कपड्याचा मुंढा असा एकदम कापला तर बाही फाटते. खांद्यावरून खाली येताना आधी किंचित, मग जरा जास्त, मग पुरतं वळायचं. गाडीलाही कळायला हवं ना, की वळायचंय ते."

तीस वर्षांच्या सरळ रेघा मोजणीरावांच्या ओठांशी आल्या. त्यांनी त्या गिळल्या आणि टाचण्या उपसायला पकड आणली.

त्या जागी रूळ इतक्यांदा उखडले गेले होते की ते नुसत्या टाचण्यांवरच टिकले होते. बायकोने वळणाच्या दोन हात आधीपासून खडूची रेघ ओढली. रेघ कसली, झाडावरून ओघळणाऱ्या वेलीसारखी वाट होती ती. डॉक्टरांनी दात बसवावेत तशा एकेक टाचण्या बसवल्या. सचिवांनी टॉर्च धरला, भर उजेडात, पण मनापासून. नवी वाट जुन्या वाटेच्या चार बोटं आत गेली आणि दुप्पट बोगद्यातून विनातक्रार पार झाली. मोजणीरावांनी टेप लावला नाही. फक्त रुळाच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठे सरळ संपतं आणि कुठे वळण लागतं, ते बोटाला सापडेना.

"तुला हे आधीच दिसलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्या आठवड्यात."

"मग?"

"तुम्ही फोटो काढलेत ते सगळे उभ्या गाडीचे. मला वाटलं, पडण्याबद्दल बोलायचं नसेल." तिने खडूचे हात झटकले. "सोडा आता."

त्यांनी गाडी सोडली. पूल, गाव, तळ्याचा काठ, खिडकीखालचा पट्टा. आणि पट्ट्याच्या शेवटी गाडीने अंग कलतं केलं, जसं मान वेळावून कुणी ओळखीच्या गल्लीत वळावं. आठ डबे एकामागून एक बोगद्यात गेले. पलंगाच्या उशाकडून बारीक खडखड ऐकू आली. सगळे दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग आधी फूल दिसलं, मग इंजिन, मग ओळीने आठही डबे. आणि गाडी स्टेशनात येऊन उभी राहिली.

सचिव नियम विसरून तोंडाने शिटी वाजवू लागले. डॉक्टरांनी सगळ्यांशी दोन-दोनदा हस्तांदोलन केलं. ठेसनबाईंनी झेंडी उंच धरली, खाली घेतली आणि डोळ्यांच्या कडा टिपून खुर्चीवर बसल्या.

"घसरणं कुणाच्या गाडीला चुकलंय," त्या म्हणाल्या. "शंभर फेऱ्यांत एकदा वळण ढिलं होणारच. ते समोर दुरुस्त केलंत, मला आनंद वाटला." त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली. "लिहू या. आजची फेरी कितवी? एकशे एक, की पुढे गेला आहात?"

सुटका समोर उघडी होती, दुप्पट पाडलेल्या बोगद्यासारखी. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मोजणीरावांनी स्टेशनात उभ्या गाडीकडे बघितलं. चाकं अजून ऊन होती. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती दोरा ओवत होती. त्या ‘खळ्ळ’चा हिशेब जगात तिच्या एकटीकडे होता, आणि तिने तो कुणाला दिला नव्हता, आताही देणार नव्हती.

पेन वाट बघत होतं.

"बाई," मोजणीराव म्हणाले, "फोटोतली गाडी मी दर वेळी हाताने ठेवायचो. फुलाचा दिवससुद्धा खोटा. आकडा एक लिहा. ती आज पहिल्यांदाच घरी परत आली."